बाकड्याला मेण

आडनाव शिकलगार.
पणज्याचा बाप तलवारींना शिकल करायचा म्हणे.
कुणाच्या तलवारी, ते घरात कुणाला ठाऊक नाही.
मी लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या मागं,
रंगवलेल्या लाकडाला मेण लावते.
शटर अर्धंच वर घेते. मेणाला धूळ लगेच चिकटते
आणि इथं दिवसभर ज्वारीची पोती झटकतात.

बाकडं आलं शाहूपुरीतनं, टेम्पोत उताणं.
डॉक्टर टोणण्णावरांचं.
दवाखाना बंद झाला, सून आता
राजारामपुरीत अकराव्या गल्लीत कॉफीचं दुकान काढतीय.
‘निळं हवं. पण नवं वाटायला नको. जुनं निळं.’
‘होतंय की. करून देतो.’

सोड्यानं धुतलं. घासलं. निळा दिला,
खडूसारखा कोरडा,
नीळ जास्त झालेल्या धोतराचा असतो तसला.
दुसऱ्या दिवशी पाठीवर सात ठिकाणी रंग उडालेला.
एका ओळीत.
म्हटलं ओल असेल. परत दिला.
परत सात.
मग नाक लावलं.

तेल.
खोबरेल, थोडं एरंडेल, एका जागी ब्राह्मी.
चाळीस वर्षं डोकी टेकून बसलेली माणसं,
नंबर कधी लागतोय म्हणून,
पांढरा रंग झिजवून लाकडात उतरलेली.
तेलावर रंग धरत नाही.

मेणाचं तसं नाही. मेण तेलाच्या नात्यातलं.
राधानगरीकडनं बाळकू आणतो पोळ्याचं,
माशांचे पाय, पंख सगळं त्यात.
डब्यात डबा ठेवून वितळवायचं, जुन्या साडीतनं गाळायचं,
विस्तव विझवला की मगच टर्पेंटाइन.
भाऊ आमचा एकदा पेटत्यावर ओतायला गेला.
भुवया परत आल्या त्याच्या.
दुकानात तो काही परत आला नाही.

घ्यायचं बोटाच्या पेराएवढं, जुन्या बनियनवर.
जास्त लावलं की चिकट राहतं,
मग बसणाऱ्याची साडी सांगते.
लावताना रंग काळवंडतो. घाबरायचं नाही.
वाळला की येतो माघारी, जरा खोलातनं.
रात्रभर हात लावायचा नाही.
सकाळी घासायला घेतलं की फडकं आधी अडतं,
ओढतं, नको म्हणतं,
आणि मग एकदम सुटतं.
ते हाताला कळतं. डोळ्यांना मागनं.

सून आली. बोट फिरवलं तिनं पाठीवरनं.
‘हे डाग?’
‘पेशंट आहेत. उठत नाहीत.’
ती हसली नाही. मोजले तिनं.
दोनशे कमी करा म्हणाली, मी शंभर केले.
पैसे मोजता मोजता थांबली,
‘हा चौथा खाली आहे बघा. बुटका कोण असेल?’
आम्ही दोघी थोडा वेळ त्या चौथ्याकडं बघत राहिलो.

सगळं सांगितलं तिला.
गरम कप थेट ठेवायचा नाही,
साबण नको, नुसतं कोरडं फडकं,
वर्षानं घेऊन या, परत एक हात मारून देतो.

एक राहिलं सांगायचं.
दाराकडच्या टोकाला पाठ कोरी आहे.
तिथं अम्मीला चिकटून मी बसायचे,
अंगात ताप, पिशवीत रिकामी बाटली,
लाल औषधासाठी घरनंच न्यायची असायची.
डोकं माझं पाठीपर्यंत पोचायचंच नाही.
हात पोचायचे. बैठकीच्या कडेखाली
नखानं रंग खरवडत बसायचे, पापुद्रा पापुद्रा,
आतून आमचं नाव पुकारेपर्यंत.

काल बाकडं उताणं केलं तेव्हा बोट घालून पाहिलं.
खळगे आहेत. माझेच असतील असं नाही,
किती पोरं येऊन गेली.
तिथं कुणी वाकून बघणार नाही.
तिथंही मेण लावलं, गडद,
पेरापेक्षा थोडं जास्तच.